शिटी वाजली की नाही?

जोयडा तालुक्यातील रामनगर हे गाव नकाशावर कर्नाटकात असले, तरी त्याचे फुटबॉलचे पंचांग गोव्याचे आहे. सुपा धरणाच्या पाण्याखाली ज्यांची घरेदारे व शेते गेली, त्यांच्या पुनर्वसनातून हे गाव आकाराला आले. बेळगाव-पणजी रस्त्यावर ते वसले आहे. अनमोडचा घाट उतरला की गोवा लागतो आणि फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम बंगळूरच्या कंठीरव स्टेडियमपेक्षा कितीतरी जवळ पडते. साहजिकच इंडियन सुपर लीगमध्ये गोवा व बंगळूर हे संघ एकमेकांसमोर उभे ठाकले म्हणजे येथील फुटबॉलशौकिनाचे राज्य एका बाजूला आणि मन दुसऱ्या बाजूला, अशी अवस्था होते. अशा प्रेक्षकाचे एक बरे असते. तो कोणत्याही एका संघाचा आंधळा भक्त नसतो, त्यामुळे पंचाचा निर्णय चुकला की नाही हे तो इतरांपेक्षा थोड्या थंड डोक्याने पाहू शकतो. भारतीय फुटबॉलमधील पंचगिरीचा प्रश्न अशाच प्रेक्षकाच्या नजरेतून तपासून पाहावा असे आम्हाला वाटते.

३ मार्च २०२३ रोजी कंठीरव स्टेडियमवर बंगळूर आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यात बाद फेरीची लढत झाली. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळ सुरू होऊन काही मिनिटे होतात न होतात तोच बंगळूरला गोलक्षेत्राच्या कडेला फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक आपल्या खेळाडूंची भिंत उभी करण्यात गुंतला होता. तेवढ्यात सुनील छेत्री यांनी चेंडू रिकाम्या जाळ्यात धाडला आणि पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. शिटी वाजलीच नव्हती, असा केरळच्या खेळाडूंचा आक्रोश. शिटीही नको आणि भिंतही नको, असे आपण पंचांना आधीच सांगितले होते, हे छेत्री यांचे म्हणणे. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी हात हलवून आपला संघ मैदानाबाहेर बोलावला. संघ परतलाच नाही, आणि बंगळूरचा १-० असा विजय जाहीर झाला.

नियम काय सांगतो? फ्री किक मिळालेल्या संघाला ती तत्काळ घेण्याची मुभा आहे, आणि तशी घेतली तर शिटीची आवश्यकता नसते. मात्र, प्रतिस्पर्ध्यांना दहा यार्ड मागे हटवा अशी मागणी झाली, किंवा पंचाने कोणाला कार्ड दाखविण्यासाठी वा अन्य कारणाने खेळ रोखून धरला, तर पुढचा फटका शिटीनंतरच मारावयाचा असतो. म्हणजे सगळा वाद एका गोष्टीवर येऊन ठेपतो: त्या क्षणी पंचाने खेळाडूंना काय सांगितले होते? हे ठाऊक असणारे दोन-चार लोक मैदानावर होते. स्टेडियममधील हजारो आणि दूरचित्रवाणीसमोरील लाखो लोकांना त्याचा पत्ता नव्हता. आमच्या मते, छेत्री यांचे म्हणणे खरे धरले तर तो गोल नियमात बसणारा होता. प्रेक्षकाला मात्र तो लबाडीचा वाटला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि आपल्याकडच्या फुटबॉलचे दुखणे नेमके तेथेच आहे.

मैदान सोडून जाण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. रागावून निघून जाण्याची परंपरा तशी आपल्याला नवी नाही. भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये हा दंडक मोडला गेला, तेव्हा दोघांचेही गुरू असलेले बलराम नांगर उगारून भीमावर धावून गेले. श्रीकृष्णाने त्यांना आवरले, भीमाच्या प्रतिज्ञेचे कारण पुढे केले, पण बलरामांचे समाधान झाले नाही आणि ते द्वारकेला निघून गेले. तरीही त्या युद्धाचा निकाल बदलला नाही. केरळ ब्लास्टर्सच्या वाट्यालाही तेच आले. सामना पुन्हा खेळवावा ही त्यांची मागणी महासंघाच्या शिस्तपालन समितीने फेटाळली. महिनाअखेर क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला, आणि जाहीर क्षमायाचना न केल्यास तो सहा कोटी होईल असे बजावण्यात आले. प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली व पाच लाखांचा दंड बसला. क्षमायाचना झाली. प्रकरण कागदावर मिटले.

पण नियतीला विनोदाचे अंग असते. याच बंगळूर संघाला अवघ्या पंधरा दिवसांनी, १८ मार्च रोजी, फातोर्ड्याला स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानशी झुंज द्यावी लागली. त्या सामन्यात नव्वद मिनिटांच्या खेळात तीन पेनल्टी दिल्या गेल्या. ७८व्या मिनिटाला रॉय कृष्ण यांनी बंगळूरला २-१ अशी आघाडी मिळवून दिली आणि ८५व्या मिनिटाला मोहन बागानला मिळालेल्या वादग्रस्त पेनल्टीवर दिमित्री पेट्राटोस यांनी बरोबरी साधली. शेवटी पेनल्टी फटक्यांवर मोहन बागान ४-३ असे विजयी झाले. लगेच बंगळूरच्या मालकांनी जाहीरपणे सांगितले की, अशा निर्णयांनी मोठे सामने नासतात आणि लीगने व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे ज्याला सर्वत्र व्हीएआर म्हणतात, तो आणलाच पाहिजे. मागणी रास्त होती. परंतु पंधरा दिवसांपूर्वी ती त्यांच्या तोंडून ऐकू आली असती, तर अधिक शोभली असती. आपल्याकडे पंचाच्या चुकीची जाणीव नेहमी पराभूतालाच का व्हावी?

गोव्यालाही हा अनुभव आहे. २० डिसेंबर २०१५ रोजी याच फातोर्ड्यावर एफसी गोवा अखेरच्या क्षणापर्यंत २-१ असा पुढे होता, आणि मिनिटा-दोन मिनिटांत चेन्नईयिनने ३-२ असा विजय हिरावून नेला. त्यानंतर जो गदारोळ झाला त्यात गोव्याच्या संघाने बक्षीस समारंभावरच बहिष्कार घातला. पुढे दंड, गुणकपात, अपील हे सारे ओघाने आले. अपिलात गुणकपात रद्द झाली हे खरे. पण त्या रात्री स्टेडियममधून घरी परतलेल्या गोमंतकीय प्रेक्षकाच्या हाती काय राहिले? आपल्याला कोणीतरी फसविले, अशी एक धुमसती भावना.

ही भावना क्षुल्लक समजू नये. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल व मोहन बागान यांच्या सामन्यात दोन खेळाडूंना बाहेर काढले गेले, गॅलरीत दंगल पेटली आणि १६ माणसे चेंगरून मृत्युमुखी पडली. २४ मे १९६४ रोजी पेरूची राजधानी लिमा येथे पंचाने यजमानांचा बरोबरीचा गोल नाकारला. प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि बंद दरवाजांपाशी झालेल्या चेंगराचेंगरीत ३२८ जणांचा बळी गेला. या दोन्ही ठिकाणी पंचाचा निर्णय ही केवळ ठिणगी होती. दारूगोळा आधीच साठलेला होता: अपुरी व्यवस्था, बेफिकीर पोलीस आणि आपले म्हणणे कोणी ऐकत नाही असे मानणारा जमाव.

पंच हाही माणूसच आहे. धावता धावता, क्षणार्धात, एकाच कोनातून त्याने पाहावयाचे आणि निर्णय द्यावयाचा. आपण मात्र तोच प्रसंग चार कोनांतून, संथ गतीने, चहाचा घोट घेत पाहतो आणि त्याला आंधळा ठरवितो. भारतातील बहुसंख्य पंच पोटासाठी दुसरी नोकरी करतात व सुटी काढून सामन्याला येतात. ज्या खेळाडूंच्या चुका ते पकडतात, त्यांतील काहींचा मोसमाचा मोबदला कोटींच्या घरात असतो. गावोगावच्या स्पर्धांत तर पंचाची स्थिती याहून बिकट. रेषेला चिकटून उभा असलेला यजमान गावचा जमाव, एक आडदांड कर्णधार आणि सामना संपल्यावर घरी जाण्याचा एकच रस्ता, एवढ्या सामग्रीत त्याने निःपक्षपाती राहावे अशी आपली अपेक्षा असते. बहुतेक पंच ती पुरीही करतात, हे विशेष.

मग उपाय यंत्राचा काय? व्हीएआर २०१८च्या विश्वचषकात आला. भारतात मात्र इंडियन सुपर लीगचा २०२४-२५ चा हंगामही त्याच्याविना पार पडला. २०२३ मध्ये महासंघाने बेल्जियमच्या धर्तीवर स्वस्तातील एखादी पद्धत उभी करण्याचा मनोदय बोलून दाखविला होता. यंत्र नसल्याची किंमत भारताने ११ जून २०२४ रोजी दोहा येथे मोजली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत लालियानझुआला छांगते यांच्या गोलने भारत कतारविरुद्ध आघाडीवर होता. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला स्पष्ट दिसत असताना कतारच्या खेळाडूने तो मागे ओढला, युसूफ आयमेन यांनी जाळ्यात मारला आणि पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. भारत १-२ असा हरला आणि पुढच्या फेरीचा दरवाजा बंद झाला. महासंघाने तक्रार केली. निकाल होता तसाच राहिला. येथे तर नियमाचा किंवा अर्थाचा वादही नव्हता. चेंडू बाहेर गेला होता, एवढेच.

तरीपण यंत्र आले की तंटा मिटला, असे मानणाऱ्यांनी ३० सप्टेंबर २०२३ चा लंडनमधील टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना आठवावा. लिव्हरपूलच्या लुईस दियास यांचा वैध गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. पडद्यासमोर बसलेल्या पंचाने चित्र बरोबर पाहिले होते. मैदानावरील मूळ निर्णय कोणता होता याविषयीच त्याची गफलत झाली आणि ‘तपासणी पूर्ण’ असे कळवून तो मोकळा झाला. चूक ध्यानात येईपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता. नियमानुसार निर्णय फिरविता येत नव्हता. लिव्हरपूल १-२ असा हरला. पण त्यानंतर जे घडले ते आपल्या महासंघाने डोळ्यांत अंजन घालून पाहावे. इंग्लंडच्या पंचसंघटनेने चूक त्याच दिवशी कबूल केली आणि तीन दिवसांत पंचांच्या आपसातील संभाषणाचे ध्वनिमुद्रण लोकांसमोर ठेवले. ते ऐकून लिव्हरपूलचे चाहते आनंदित झाले असतील असे नव्हे. मात्र काय घडले हे त्यांना कळले. कटकारस्थानाच्या कथा रचण्याची गरज उरली नाही.

पंचाचा निर्णय अंतिम असावा याविषयी आमचे दुमत नाही. तसे नसेल तर एकही सामना संपणार नाही. परंतु अंतिम निर्णय आणि अनुत्तरित निर्णय यांत फरक आहे. कंठीरव स्टेडियमवरील त्या रात्रीनंतर छेत्री बोलले, केरळचा क्लब बोलला, समाजमाध्यमे तर बोलतच होती. ज्याच्या तोंडून दोन वाक्ये ऐकण्यासाठी लोक आतुर होते, त्या पंचाला मात्र दुसऱ्या दिवशी लोकांसमोर आणून बोलते केले गेले नाही. त्याने छेत्री यांना काय सांगितले होते? केरळच्या कर्णधाराला ते ऐकू गेले होते काय? एवढी माहिती चोवीस तासांत मिळाली असती, तर अर्धा संताप जागच्या जागी विरला असता. पंचाला गप्प बसवून त्याचे रक्षण होते, ही समजूतच चुकीची आहे. गप्प बसलेला पंच दोषीच वाटतो.

कचेरीतील निर्णयांचे तरी काय? २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपद मैदानावर ठरलेच नाही. एका अपात्र खेळाडूच्या प्रश्नावरून इंटर काशी आणि नामधारी यांच्या सामन्याचे गुण इकडून तिकडे फिरले. शिस्तपालन समितीने एक निकाल दिला, अपील समितीने तो उलटा केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये गोव्याचे चर्चिल ब्रदर्स विजेते ठरले. जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेते घोषित केले. शिटी घेऊन धावणाऱ्या माणसाला क्षणात निर्णय द्यावा लागतो. कचेरीतील समित्यांना महिनोन्‌महिने मिळाले होते.

सुपा धरणामुळे उठलेल्या माणसांना दूरच्या कचेरीत ठरलेले आणि आपल्याला फक्त कळविले गेलेले निर्णय कसे असतात, हे शिकविण्याची गरज नाही. फुटबॉल हा त्यांच्यासाठी दिवसभराच्या कष्टानंतरचा दोन तासांचा विरंगुळा आहे. तेथेही तोच अनुभव त्यांनी का घ्यावा?

म्हणून महासंघाने आणि लीगच्या चालकांनी पुढील मोसमापूर्वी एवढे तरी करावे. प्रत्येक वादग्रस्त निर्णयाचा खुलासा, पंचाच्या स्वतःच्या शब्दांत, दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध व्हावा. चूक झाली असेल तर ‘चूक’ हाच शब्द वापरावा. पंचाच्या कानातील यंत्रावरील संभाषण जपून ठेवावे आणि मागणी झाल्यास ऐकवावे. त्यासाठी व्हीएआरचा खर्च येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पंचांना पूर्णवेळ वेतनावर नेमावे. आणि क्लबांकडून वसूल होणाऱ्या दंडाच्या रकमेतून, ती चार कोटींची असो वा चार लाखांची, ठरावीक हिस्सा तालुका पातळीवर पंच तयार करण्यासाठी बाजूला काढावा. जोयड्यासारख्या तालुक्यातील एखाद्या तरुणाला पंचपरीक्षेस बसावयाचे तर त्याने बंगळूरला जावे की मडगावला, हेही एकदा त्याला सांगून टाकावे.