कातळाखालची खबर (७) : लोकलची थरथर

आज कोयना परिसरातल्या, सुरुंग उडवून मोजलेल्या केळशी ते लोणी या रेषेवर जायचं ठरलं होतं. ते राहू दे. बदलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय आणि तो ओलांडून मला कोयनेकडे जाववत नाही. त्यांची इमारत रुळांलगत आहे. गाडी गेली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. ते विचारतात, ‘तुम्ही हातोडा आपटून कंपनं तयार करता. आमच्याकडे ती पहाटेपासून फुकट मिळतात. त्यांवरून खालचा दगड दिसणार नाही का?’

दिसेल. आणि आपल्या भागात तर हातोड्याहून बरा दिसेल!

हातोडा आपटल्यावर मुरमातून सरळ येणाऱ्या लहरीला कातळातून वळसा घेऊन आलेली लहर कशी गाठते, ते आपण मागे पाहिलं. विठ्ठलवाडीचा माणूस उलटा कल्याणला जाऊन जलद लोकल पकडतो, तसंच ते. पण त्यासाठी खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान हवा, आणि उल्हास खोऱ्यात नेमकी हीच अट मोडते. इथे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. प्रत्येकाचा गाभा घट्ट काळा, माथा सच्छिद्र, आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा गेरू. घट्ट कातळात लहर सेकंदाला पाचेक किलोमीटर धावते. गेरूत तिचा वेग निम्म्याहूनही खाली येतो. वेगवान थराखाली मंद थर आला की लहर आणखी खाली वळते. नोंदीत गेरूचा मागमूस नसतो, आणि त्याखालचा कातळ आहे त्याहून खोल असल्याचं गणित निघतं. पाया किंवा बोगदा खोदणाऱ्याला हा घोटाळा महागात पडतो.

गाडीमुळेही उठणाऱ्या, जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या पृष्ठलहरी मात्र इथे फसत नाहीत. आखूड लहर वरच्या थरांपुरती चालते, लांब लहर खोलवरचं चाचपते. सेकंदाला १० कंपनं आणि वेग ८०० मीटर धरला, तर लहरीची लांबी ८० मीटर; तिची पोच साधारण त्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, म्हणजे २५ ते ४० मीटर. प्रत्येक कंपनसंख्येचा वेग वेगळा मोजला की मंद थर लपत नाही.

राहिला प्रश्न गाडीचा. ती नेमकी कुठे, किती जोरात धडधडतेय हे कुणाला ठाऊक? ठाऊक असायची गरजच नाही. केइती आकी यांनी १९५७ साली गोंगाटातून वेग काढण्याचा पाया घातला. दोन जिओफोनच्या, म्हणजे जमिनीत रोवलेल्या कंपनमापकांच्या, तासन्‌तासाच्या नोंदी एकमेकींवर सरकवून जुळवायच्या. बाकीचा गोंधळ विरतो आणि लहरीला एकीकडून दुसरीकडे जायला लागलेला वेळ उरतो. अट एकच, कंपनांचा उगम दोन्ही जिओफोनच्या रेषेत हवा. म्हणून ते रुळांना समांतर रोवायचे आणि गाडी दोघांच्या मधे असतानाची नोंद टाकून द्यायची, कारण तेव्हा लहरी एकाच वेळी कल्याणकडेही जातात आणि कर्जतकडेही. लोकलपेक्षा जड, लांबलचक मालगाडी केव्हाही सरस. फ्लोरां ब्रँगिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यातल्या मालगाड्यांची कंपनं सॅन हासिंटो भ्रंशावर नजर ठेवायला वापरता येतात, हे दाखवलं.

मात्र आपल्या लोकलच्या पृष्ठलहरींनी दिसेल ते वरच्या काही दशक मीटरांपुरतंच. लाव्हाच्या चळतीचा तळ त्यांच्या आवाक्यात नाही. कोयनेजवळ रासाटीला बोअर घेतलं तेव्हा सुमारे ९३३ मीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट लागला. तिथवर पोचायला सुरुंग वापरता येतात, आणि ते हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने (एनजीआरआय) केळशी-लोणी रेषेवर कसे उडवले, ते पुढच्या आठवड्यात. मधे आणखी कुणी असा प्रश्न पाठवला नाही, तर!