छेद आणि निरोप
नागपुरात हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग एकमेकांना छेदतात. छेदावरून एक गाडी जाईपर्यंत दुसरीला थांबावे लागते. संगणकातील समांतर कामांचा पेच मला असाच दिसतो: दोन कामांनी एकच नोंद एकाच क्षणी बदलली, तर शेवटचा बर्थ दोघांना विकला जातो.

१९८६च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी अर्लांग ही फंक्शनल भाषा घडवायला घेतली. तीत चलाला एकदा दिलेली किंमत बदलत नाही. प्रत्येक कामाची स्मृती स्वतंत्र, देवाणघेवाण निरोपांतून. निरोप धाडून काम पुढे सरकते, उत्तरासाठी अडत नाही. बर्थची नोंद मात्र एकाच कामाच्या ताब्यात. तेच निरोप एकेक करून निकाली काढते.

छेद उरतोच, पण रांग तेवढ्यापुरतीच. बाकीच्या गाड्या आपापल्या रुळांवर धावतात.