‘हेमाडपंती’ म्हटलं की पाहणं संपतं – लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या निमित्ताने
(रिसोड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

रिसोडहून पश्चिमेकडे निघालं की थोड्याच वेळात लोणार लागतं. उल्कापातातून झालेलं सरोवर बघायला आपण सगळेच जातो. गावातल्या दैत्यसूदन मंदिरातही जातो. तिथं दगडी भिंतीकडे बघून कुणीतरी म्हणतं, “हेमाडपंती आहे.” बाकीचे मान डोलावतात आणि सगळे पुढे सरकतात. आज मला या एका शब्दाविषयी बोलायचं आहे, कारण माझ्या मते हा शब्द आपल्याला बघू देत नाही.

न्यायशास्त्रात लक्षण, म्हणजे व्याख्या, तपासण्याची एक रीत आहे. ‘जिला शिंगं असतात ती गाय’ असं म्हटलं तर म्हैसही गाय ठरते. या दोषाला अतिव्याप्ती म्हणतात. आता आपली व्याख्या बघा : ‘चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधलेलं ते हेमाडपंती.’ खजुराहोची मंदिरंही अशीच, चुन्याशिवाय उभी आहेत. त्यांना आपण हेमाडपंती म्हणणार का? नाही म्हणणार. म्हणजे लक्षणच सदोष आहे.

काळाचा हिशेबही जुळत नाही. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव यादव आणि रामचंद्र यादव यांच्या कारकिर्दीतला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा प्रचंड ग्रंथ. माणूस मोठाच होता. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं! आपल्याच वऱ्हाडात, बार्शीटाकळीच्या मंदिरातला लेख शके १०९८चा, म्हणजे ११७६चा. तोही त्याच्या आधीचाच. एका मंत्र्याचं नाव आपण इतक्या पिढ्यांच्या कामावर चिकटवून टाकलं, आणि ज्यांनी छिन्नी चालवली ते पाथरवट, सूत्रधार त्या नावाआड गेले.

मग बघायचं काय? दैत्यसूदन मंदिराच्या तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, तलविन्यास, म्हणजे जमिनीवरचा आराखडा. हे मंदिर ताराकृती आहे. ताराकृती कशी काढतात? कागदाचा एक चौकोन घ्या, मध्याला टाचणी लावा आणि थोडा थोडा फिरवत त्याची बाह्यरेषा काढत जा. चौकोनाचे कोपरे एका वर्तुळावर येतात आणि तारा तयार होतो. या युक्तीमुळे सपाट भिंत उरतच नाही. प्रत्येक कोन पुढे येतो, मागे जातो. सकाळी एका बाजूच्या घड्या उजळतात, दुपारनंतर दुसऱ्या. आपला काळा बेसाल्ट रंगाला फार साथ देत नाही. मग कारागिरानं रंगाचं काम उन्हाकडून करून घेतलं.

दुसरी गोष्ट, छत. मंडपात मान वर करून बघा. इथं खरी कमान नाही. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा आत सरकवलेला असतो, आणि मागच्या टोकावर वरचं वजन पडल्यामुळे तो पडत नाही. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड टाकून पोकळी लहान करत नेतात. म्हणजे मंदिराला धरून ठेवतो तो भार. म्हणूनच कुठलाही एक दगड ‘जुना झालाय’ म्हणून काढणं धोक्याचं.

तिसरी, शिल्पांचा क्रम. बाहेरच्या भिंतीवर देव आहेत, स्त्रिया आहेत, शृंगारिक युगुलं आहेत. सगळा संसार आहे. मंडपात आलात की छतावर दैत्यवधाचे आणि कृष्णकथेचे प्रसंग. गाभाऱ्यात मात्र अंधार आणि एकच मूर्ती : लवणासुराला मारणारा विष्णू. अनेकातून एकाकडे, उजेडातून अंधाराकडे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे सांगायला मला एक तास लागायचा. इथं वीस पावलं पुरतात. पण आधी बाहेरून प्रदक्षिणा घातली तरच. आपण थेट दर्शनाच्या रांगेत शिरतो आणि अर्धं वाक्य गाळून उरलेलं वाचतो.

आता तुम्ही विचाराल, नावात काय एवढं? सांगतो. लोणारचं मंदिर संरक्षित स्मारक आहे, त्याची काळजी घेणारं खातं आहे. पण आपल्या गावोगावी ओढ्याकाठी, पाराखाली जे जुने खांब, वीरगळ, भंगलेल्या मूर्ती पडल्या आहेत, त्यांचं काय? ‘हेमाडपंती आहे, असे पुष्कळ आहेत,’ म्हणून आपण मोकळे होतो. मग जीर्णोद्धार निघतो. वर्गणी जमते, श्रद्धाही खरी असते. मूर्तीला ऑइलपेंट लागतो, भिंतीला सिमेंट, फरशीला टाइल्स. ऑइलपेंटखाली दगडातली ओल कोंडते, वरचा पापुद्रा सुटतो आणि त्याच्याबरोबर कोरीव कामही जातं. हातातली बांगडी, चेहऱ्यावरचं हसू, सगळं. ते परत आणता येत नाही.

म्हणून एवढंच मागणं. तुमच्या गावच्या देवळाला पुढच्या वेळी हेमाडपंती म्हणू नका. त्याऐवजी प्रश्न विचारा : आराखडा चौरस की ताराकृती? छत कसं पेललंय? बाहेर कोण कोरलंय, आत कोण? कुठं लेख आहे का? उत्तरं वहीत लिहा, फोटो काढून ठेवा. आणि रंगाचा डबा उघडण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. या प्रश्नांची सवय लागली की देऊळ ‘पुष्कळांपैकी एक’ राहत नाही. आणि जे तसं राहत नाही, त्यावर रंग फासायला हात सहजासहजी उचलत नाही.