भयपटातील नजर : एक स्त्रीवादी वाचन

भयपटांत स्त्रियाच इतक्या का मारल्या जातात, हा प्रश्न तुम्हाला कधीतरी पडला असेल. स्त्रीवादी समीक्षेने त्याला आणखी एक प्रश्न जोडला: हे सारे आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो?

लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये मांडले की, हॉलिवूडच्या चित्रपटात पाहणारा पुरुष असतो आणि पाहिली जाते ती स्त्री. यालाच आपण 'पुरुषी नजर' म्हणतो. जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' (१९७८) घ्या. पहिल्याच प्रसंगात कॅमेरा मारेकऱ्याचे डोळे होतो. मुखवट्याच्या भोकांतून आपण एका तरुणीच्या खोलीत शिरतो आणि तिच्यावर सुरी चालते. मारणारा तिचा सहा वर्षांचा भाऊ आहे, हे नंतर कळते. इथवर मल्वी यांचे म्हणणे पटते.

आता शेवटाकडे या. लॉरी कपाटात दडली आहे आणि कॅमेराही तिच्यासोबत आत आहे. मारेकरी दार फोडतो, तेव्हा ती कपडे अडकवायचा तारेचा हँगर त्याच्या डोळ्यात खुपसते. ज्या डोळ्यांनी चित्रपट सुरू झाला, त्यांवरच हा वार!

शेवटपर्यंत तगणाऱ्या अशा नायिकेला कॅरोल क्लोव्हर यांनी 'फायनल गर्ल' हे नाव दिले. त्यांच्या मते, या चित्रपटांचा बहुतांशी तरुण पुरुष असलेला प्रेक्षक अखेरीस एका मुलीशी तादात्म्य पावतो. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत सर्रास 'फायनल गर्ल म्हणजे स्त्रीवादी नायिका' असे लिहितात. क्लोव्हर मात्र तसे म्हणत नाहीत. लॉरी अभ्यासू आहे, तिला प्रियकर नाही; प्रियकर असलेल्या मैत्रिणी मारल्या जातात. शिवाय अखेर तिला वाचवते ते डॉक्टर लूमिस यांचे पिस्तूल.

बार्बरा क्रीड यांनी १९९३ च्या पुस्तकात वेगळी बाजू धरली: भयपटातील स्त्री केवळ बळी नसते, ती स्वतःच भयाचे रूपही असते. 'कॅरी' (१९७६) त्यासाठी जरूर पाहा.

या संकल्पना भारतीय चित्रपटाला जशाच्या तशा लावता येत नाहीत. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) या मराठी चित्रपटाची नायिका नेहा विवाहित आणि गरोदर आहे. उसाच्या फडातल्या घरात तिला भुते दिसतात. पण त्या भुतांमागची गोष्ट मुलगी नको असलेल्या कुटुंबाची आहे. लॉरीसारखे 'कोणाची नसणे' इथे तिला वाचवू शकत नाही, कारण डोळा आहे तो तिच्या गर्भावर. आणि तो डोळा एकट्या पुरुषाचा नाही. तिची काळजी घेणारी तुळसाबाईही त्यात सामील आहे. मल्वींची 'पुरुषी नजर' तुळसाबाईला कशी लागू करायची, यावर वर्गात चर्चा करा.