यंत्रांतील सांखळी

एका चाकाची गति दुसऱ्यास पोंचविण्याचें सोपें साधन म्हणजे पट्टा. पण भार वाढला कीं तो घसरतो. पेरणीयंत्रांत असें झाल्यास चाक चालतें, बीं मात्र कमी पडतें, आणि तें उगवणीपर्यंत ध्यानांतही येत नाहीं. सांखळीचे दुवे चाकाच्या दात्यांत बसत असल्यामुळें दोन्ही चाकांचें प्रमाण ढळत नाहीं.

कल्पना जुनी आहे. चीनमध्यें सू सुंग यानें अकराव्या शतकाच्या अखेरीस कैफेंग येथील घटिका-मनोऱ्यांत सांखळी योजिली होती. परंतु आजच्या सांखळीचें मुख्य श्रेय आम्ही हान्स रेनोल्ड या स्विस यंत्रज्ञास देतों. त्यानें १८७९ सालीं इंग्लंडांत साल्फर्ड येथें सांखळ्यांचा एक लहानसा कारखाना विकत घेतला व १८८० सालीं आपल्या सांखळीचें पेटंट मिळविलें. पूर्वीच्या सांखळींत सारा भार पातळ पट्टीच्या छिद्रावर पडे, म्हणून खिळा लवकर झिजे. रेनोल्डनें खिळ्याभोंवतीं नळी बसविली. भार तिच्या सर्व लांबीवर वांटला गेला. नळीवरचा रूळ फिरता असल्यामुळें दात्यांशीं होणारें घर्षणही कमी झालें. युक्ति एवढीच, पण सायकलीपासून कापणी-मळणीच्या यंत्रापर्यंत तीच चालत आहे.

सांखळी ताणली असें आपण म्हणतों. वास्तविक पोलाद ताणलें जात नाहीं. खिळा व नळी आंतून झिजतात, आणि दुव्यादुव्याची किंचित् वाढ एकत्र होते. अशी सांखळी दात्यांच्या माथ्याकडे चढते व दातेही खाते. म्हणून वंगण वरवर न चोपडतां सांध्यांत मुरेल असें पातळ तेल घालावें. झिजलेल्या दात्यांवर नवी सांखळी चढविणें ही काटकसर नव्हे. तीही लवकरच झिजते.