दूरच्या सागरावरील वादळे आणि शिरूर-दौंडची गारपीट

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांतील बरेचसे बाष्प घाटमाथ्यावरच रिते होत असल्याने येथे वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. घोड व भीमा या नद्यांच्या आधारावर शेतकरी रब्बीत गहू, ज्वारी व कांदा पिकवितो. पीक हाताशी आले असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कधी कधी गारपीट होते. तिचे धागेदोरे समशीतोष्ण कटिबंधातील वादळांशी जुळलेले आहेत.

वादळांचा राजमार्ग

विषुववृत्ताकडील प्रदेशास सूर्यापासून मिळणारी उष्णता तेथून उत्सर्जित होणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक असते. ध्रुवांकडे याच्या उलट स्थिती असते. सुमारे ३० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान उष्ण व थंड हवा समोरासमोर येतात आणि त्यांच्या तापमानांतील तफावतीतून वादळे जन्मतात. प्रत्येक वादळ उष्ण हवा ध्रुवाकडे व थंड हवा विषुववृत्ताकडे नेऊन ही तफावत कमी करते. असे असूनही अटलांटिक व पॅसिफिक महासागरांवर वादळांची रांग खंडत नाही, याचे कारण सागराच्या उष्णतेत आहे. हिवाळ्यात खंडांवरील कोरडी, थंड हवा गल्फ स्ट्रीम व कुरोशिओ या उष्ण प्रवाहांवरून वाहू लागली की समुद्र तिला उष्णता व बाष्प पुरवितो. प्रवाहाच्या एका अंगास उबदार, तर दुसऱ्या अंगास थंड पाणी असल्याने हवेतील तफावत पुन्हा प्रस्थापित होते. बाष्पाचे ढग बनताना मुक्त होणारी सुप्त उष्णता वादळास आणखी बळ देते.

महाराष्ट्राशी नाते

याच पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यातून भूमध्य समुद्र व इराणमार्गे भारतात येणाऱ्या प्रणालींना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. हिमालयातील हिमवर्षाव व पंजाबातील गव्हास मिळणारा हिवाळी पाऊस ही त्यांचीच देणगी होय. उंचावरील त्यांची द्रोणी कधी दक्षिणेस महाराष्ट्रापर्यंत पसरते. खाली तापलेली जमीन व बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून आलेले बाष्प, तर वर अतिशीत हवा, असा योग जुळला की उत्तुंग ढग उभे राहतात आणि गारा पडतात. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातील अनेक जिल्ह्यांना अशाच गारपिटीने झोडपले.

पूर्वसूचनेचे मोल

पुण्यात १९३२ साली हवामान खात्याचा कृषि हवामान विभाग सुरू झाला. उष्णदेशीय हवामानाचे संशोधन करणारी संस्था येथेच १९६२ साली स्थापन झाली. पश्चिमी विक्षोभाची वाटचाल काही दिवस आधी ओळखता येते. मात्र गार नेमक्या कोणत्या शिवारात पडेल, हे रडारच्या साह्याने थोडाच वेळ आधी सांगता येते. म्हणून पहिली सूचना मिळताच पक्व गहू काढून घेणे व काढलेला कांदा सुरक्षित झाकणे, यातच शेतकऱ्याचे हित आहे.