पॉलिश टिकतं किती आणि हवेत सोडतं काय? आधी नमुन्याचं वय विचारा



घरात नवं कपाट आलं की दोन प्रश्न ठरलेले. पॉलिश किती वर्षं टिकेल? आणि हा वास कधी जाईल? पहिला प्रश्न टिकाऊपणाचा, दुसरा रासायनिक उत्सर्जनाचा. अनेकदा दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या नमुन्यांवर शोधली जातात आणि शेवटी एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी बसवली जातात. असा तक्ता का फसवा असू शकतो, ते आज बघू. पीएचडीसाठी पदार्थविज्ञान, पॉलिमर किंवा पर्यावरण असा कुठलाही विषय घेणार असाल तरी हा मुद्दा कामाला येईल.

थर सुकतो म्हणजे काय होतं?

लाख पॉलिश आणि एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, हे फक्त द्रावक उडून सुकतात. रासायनिक बंध नवे तयार होत नाहीत. म्हणून लाख पॉलिशवर स्पिरिट सांडलं की डाग पडतो आणि एनसीवर नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं की थर मऊ होतो. दुरुस्ती सोपी, पण संरक्षण बेताचं.

मेलामाइन पॉलिशमध्ये अमिनो रेझिन असतं. त्यात आम्लाचा हार्डनर घातला की रेणूंच्या साखळ्यांमध्ये आडवे बंध तयार होतात आणि थर कडक होतो. पण ही क्रिया होताना फॉर्मल्डिहाइड सुटतो. पुढेही दमट हवेत काही बंध हळूहळू तुटतात आणि तो थोडा थोडा सुटत राहतो. म्हणजे कडकपणा आणि उत्सर्जन, दोन्हींचं मूळ एकाच रसायनात आहे.

पीयूमध्ये पॉलिओल आणि आयसोसायनेट यांची जोडी जमते. त्या क्रियेतून फॉर्मल्डिहाइड निघत नाही आणि थर चिवट बनतो. मात्र फवारणीच्या वेळी हवेतलं आयसोसायनेट श्वासात गेलं तर कारागिराला दमा जडू शकतो.

वॉटर-बेस्ड पॉलिशमध्ये पॉलिमरचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाल्यावर ते एकमेकांत मिसळून सलग थर व्हावा म्हणून सावकाश उडणारा एखादा द्रावक घालतात. टेक्सॅनॉल हे त्यातलं नेहमीचं नाव. याच्याकडे नीट लक्ष द्या, कारण आजचा सगळा मुद्दा या एका रेणूत सापडतो.

एकच रेणू, दोन चाचण्या

टेक्सॅनॉल थरात आहे तोवर थर मऊ राहतो. तो बाहेर पडत जातो तसा थर कडक होतो. म्हणजे उत्सर्जनाच्या चाचणीत जो हवेत सापडतो, तोच टिकाऊपणाच्या चाचणीत थराला मऊ ठेवत असतो. आता समजा, टिकाऊपणाचे नमुने तुम्ही ओव्हनमध्ये ५० अंशांवर सुकवले आणि उत्सर्जनाचे नमुने टेबलावर. पहिल्यांतून टेक्सॅनॉल बराचसा निघून गेलाय, दुसऱ्यांत तो अजून आहे. डबा तोच असला तरी हे दोन वेगळे पदार्थ झाले! उलट केलंत तर निष्कर्षही उलटा येईल. म्हणून लावण्याची जाडी, सुकवण्याचं तापमान आणि चाचणीच्या दिवशीचं थराचं वय, या तिन्ही गोष्टी दोन्ही चाचण्यांत सारख्याच हव्यात.

मोजायचं कसं?

टिकाऊपणा हा एक गुण नाही, तो अनेक गुणांचा गठ्ठा आहे. थंड द्रवांचे डाग ईएन १२७२० नुसार तपासतात, झीज टेबर यंत्रावर, लाकडाला धरून राहण्याची ताकद आयएसओ २४०९ च्या चौकटी कापून. इथे एक गंमत आहे. ईएन १२७२० मध्ये ५ हा सर्वोत्तम गुण आणि १ सर्वात वाईट, तर आयएसओ २४०९ मध्ये ० सर्वोत्तम आणि ५ सर्वात वाईट. तक्त्यांतले आकडे डोळे झाकून सरासरीत घालू नका.

उत्सर्जनासाठी नमुना बंद कक्षात ठेवतात. आयएसओ १६०००-९ नुसार तापमान २३ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आणि हवेचा प्रवाह ठरावीक. साधारणपणे ३ऱ्या आणि २८व्या दिवशी हवेचे नमुने घेतात. बाष्पनशील सेंद्रिय संयुगं टेनॅक्स नळीत पकडून जीसी-एमएसवर ओळखतात, फॉर्मल्डिहाइडसाठी डीएनपीएचची वेगळी नळी लागते. प्लायवूड आणि एमडीएफ स्वतःच फॉर्मल्डिहाइड सोडतात. त्यामुळे तोच थर काचेवर लावलेला नमुना सोबत हवाच, नाहीतर लाकडाचा दोष पॉलिशच्या माथी बसेल.

आणि डब्यावरचा व्हीओसीचा आकडा? तो या चाचणीची जागा घेऊ शकत नाही. युरोपच्या २००४ च्या रंगविषयक नियमात २५० अंशांपर्यंत उकळणारी सेंद्रिय संयुगंच व्हीओसी धरली जातात. टेक्सॅनॉल साधारण २५५ अंशांना उकळतो. म्हणून तो डब्यावर मोजला जात नाही, पण कक्षातल्या हवेत मात्र दिसतो.

दरापासून खोलीपर्यंत

कक्षातून मिळतो तो उत्सर्जनाचा दर. घरात महत्त्वाचं असतं ते हवेतलं प्रमाण. साधं सूत्र असं:

हवेतलं प्रमाण = (दर × पृष्ठभाग) ÷ (खोलीचं घनफळ × ताशी हवाबदल)

उदाहरणापुरते आकडे धरू. फॉर्मल्डिहाइडचा दर ताशी चौरस मीटरला १०० मायक्रोग्रॅम, कपाटाचा पृष्ठभाग १२ चौरस मीटर, खोली ३० घनमीटर, ताशी हवाबदल ०.५. उत्तर येतं घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम. दर तोच ठेवून खिडक्या बंद केल्या आणि हवाबदल ०.२५ वर आला, तर १६०. जागतिक आरोग्य संघटनेची फॉर्मल्डिहाइडची मार्गदर्शक मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम आहे. कपाट तेच, पॉलिश तेच, पण एका खिडकीने आपण मर्यादेच्या अलीकडून पलीकडे गेलो. (आयएआरसीने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, त्यामुळे हा आकडा हलक्यात घेऊ नये.)

आपल्याकडचा प्रश्न

२३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे कोकणातला पावसाळा नव्हे आणि विदर्भातला मे महिनाही नव्हे. अमिनो रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड सुटण्याचं प्रमाण उष्णता आणि ओलावा या दोन्हींनी वाढतं. प्रमाणित परिस्थितीतली चाचणी तुलनेसाठी हवीच, पण तिच्या जोडीला ३५ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर एक संच लावला तर आपल्या घरांबद्दल काही बोलता येईल. थराचा टिकाऊपणाही त्याच परिस्थितीत तपासायचा, हे ओघाने आलंच.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे पॉलिश बऱ्याचदा घरातच होतं. बंद खोलीत फवारणी करणारा कारागीर पहिल्या काही तासांत जे श्वासात घेतो, ते ३ऱ्या दिवशीच्या मोजमापात येतच नाही. आणि थर दर काही वर्षांनी खराब होत असेल, तर प्रत्येक नव्या पॉलिशबरोबर ते तास परत येतात. टिकाऊपणा आणि उत्सर्जन एकत्र का बघायचं, याचं माझ्या मते सगळ्यात ठोस कारण हेच आहे.

या विषयावरचा पुढचा शोधनिबंध हातात घ्याल तेव्हा निष्कर्षाआधी प्रयोगपद्धतीचं पान उघडा आणि चार गोष्टी शोधा: थर कशावर लावला, किती जाड, कसा सुकवला आणि चाचणीच्या दिवशी त्याचं वय किती होतं. दोन्ही चाचण्यांसाठी चारही उत्तरं सारखी मिळाली तर तक्ता वाचा. नाही मिळाली, तर कदाचित तुमच्या संशोधनाचा विषय तिथेच पडलेला असेल.